गोदाघाटावरचे संध्याकाळचे फोटो दर वेळी हलतात? आधी हललेला फोटो नीट बघा

त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा कॅमेरा गळ्यात अडकवून दारात उभा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वडिलांनी हौसेने डीएसएलआर घेऊन दिलाय, सोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स. "ताई, काल रामकुंडावर दोनशे फोटो काढले, त्यातले धड दहासुद्धा नाहीत. दिवसा मस्त येतात, दिवे लागले की सगळे हलतात. दर वेळी हेच. कॅमेराच बदलावा लागेल ना?" त्याचा चेहरा इतका उतरला होता की मी चहा नंतर टाकला, आधी कार्ड लॅपटॉपला लावलं.

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि सुरुवातीची तीन वर्षं मी स्वतः यात अडकले होते. म्हणून त्या सकाळी आम्ही दोघांनी जे केलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. ट्रायपॉड लावा, हे उत्तर मी देणार नाही. पौर्णिमेच्या गर्दीत घाटाच्या पायऱ्यांवर ट्रायपॉडचे पाय पसरायला जागा नसते आणि लोकांना त्याचा त्रास होतो. पांडवलेण्यात तो लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते. त्यामुळे इथे फक्त हातात धरलेल्या कॅमेऱ्याबद्दल.

हललेले फोटो डिलीट करू नका

फोटो खराब आला की आपण तिथल्या तिथे कॅमेऱ्यावर कचऱ्याचं बटण दाबतो. पण चूक कुठे झाली ते त्या खराब फोटोतच दिसत असतं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर शंभर टक्के झूम करा आणि आधी दिव्यांकडे बघा.

त्या मुलाचा पहिला फोटो उघडला. पाण्याच्या कडेला पणत्यांची रांग, मागे देवळाचा कळस. झूम केल्यावर प्रत्येक ज्योतीचा स्वल्पविराम झालेला होता, वर जाड आणि खाली उजवीकडे वळलेली शेपटी. डावीकडच्या पणतीला जशी शेपटी, तशीच उजवीकडच्या पणतीला आणि तशीच दूर पलीकडच्या काठावरच्या बल्बलाही. सगळ्यांची शेपटी एकाच दिशेला आणि एकाच लांबीची असेल, तर हललाय तो कॅमेरा. अशा शेपटीचं कारण बहुतेक वेळा बोट असतं. बटण जोरात दाबलं की कॅमेऱ्याला झटका बसतो.

दुसरा फोटो वेगळा होता. दगडी खांबावरचं कोरीव काम स्वच्छ, पायरीवरची भेग दिसतेय, पण आरती घेतलेल्या माणसाचा हात धुरासारखा आणि बाजूच्या आजींना दोन नाकं. इथे कॅमेरा स्थिर होता, माणसं हलली. त्याच्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, त्यामुळे शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) १/८ सेकंद उघडं असूनही खांब शार्प आला. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्याची हालचाल थांबवणं त्याच्या हातात नाही. "पण यात स्टॅबिलायझेशन आहे ना" असं म्हणून गाफील राहणारे खूप भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

तिसऱ्या फोटोत आजींचा चेहरा मऊ, पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता येत होती. हा फोटो हललेलाच नाही. फोकस मागे गेला.

तीन दुखणी, तिघांना औषधं वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर उपयोग शून्य आणि "सगळं करून बघितलं, काही होत नाही" असं वाटायला लागतं. दोनशे फोटो आम्ही तीन फोल्डरमध्ये वाटले. सव्वाशेच्या आसपास कॅमेरा हललेले, पन्नासेक माणसं हललेली, उरलेल्यातले बरेचसे फोकस गेलेले.

काळ्या दगडाचा फसवा हिशोब

मग फोटोंची माहिती उघडली. जवळजवळ सगळे सारखेच: झूम ५५ मिलिमीटर, एफ ५.६ (लेन्सचं भोक किती उघडं ते; आकडा लहान तितकं भोक मोठं), आयएसओ ८०० (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते), शटर १/८ सेकंद.

हातात धरून किती शटर चालतं याचा जुना ठोकताळा आहे. लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितक्याव्या सेकंदापेक्षा शटर संथ नको. ५५ ला १/६० धरलं, तरी त्याच्यासारख्या छोट्या सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या भागाच्या) कॅमेऱ्यात त्या ५५ ला दीडने गुणावं लागतं, म्हणजे १/८० हवं. स्टॅबिलायझेशनमुळे निवांत उभं राहून १/१० पर्यंत उतरता येईल. गर्दीत धक्के खात उभं असताना, एकामागून एक बटण दाबत असताना १/८ टिकणं कठीणच.

पण १/८ आलं कुठून? घाटावर इतका अंधार खरंच नव्हता. नाशिकमधल्या फोटोंच्या बाबतीत मला इथेच सगळ्यात जास्त घोळ दिसतो. आपला घाट, १७४७ सालचं नारोशंकराचं देऊळ, काळाराम मंदिर, सगळीकडे काळा पाषाण. कॅमेऱ्याच्या आतल्या मीटरला दगड काळा आहे हे कळत नाही. समोर जे येईल ते सरासरी करड्या रंगाइतकं उजळ दिसावं, एवढाच त्याचा हिशोब. काळा दगड आणि वर काळं आकाश फ्रेममध्ये भरलं की त्याला वाटतं प्रकाश फार कमी आहे, आणि तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. निकाल दुहेरी लागतो: दगड राखाडी होतो, पणतीची ज्योत पांढरा ठिपका होऊन जाते आणि त्या वाढलेल्या वेळात हात हलतो.

म्हणून काळ्या दगडासमोर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय) उणे एकवर न्या. दिवे अगदी जवळ असतील तर उणे दीडवरही. रात्र रात्रीसारखी काळी दिसू द्या. शटरचा वेळ तिथेच निम्मा होतो, एक पैसा खर्च न करता, आणि ज्योतीचा केशरी रंगही परत येतो.

याच्या उलट प्रकार त्र्यंबकेश्वरला, पौषातल्या निवृत्तिनाथांच्या यात्रेत होतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. तिथे मीटरला वाटतं प्रकाश भरपूर आहे, फोटो शार्प येतो पण वारकऱ्यांचे चेहरे काळवंडतात. तिथे अधिक पाऊण, अधिक एक लागतं. समोर रंग कोणता आहे ते आधी बघायचं, मग चाक फिरवायचं.

आता त्याच्या १/८ चं पुढे काय झालं ते सांगते. उणे एक केल्यावर १/१५. आयएसओ ८०० वरून ३२०० केला, म्हणजे चौपट, शटर आलं १/६०. राहिला झूम. किट लेन्स ५५ ला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही, पण १८ ला एफ ३.५ पर्यंत उघडते आणि त्यात अडीच पट प्रकाश आत येतो. झूम मागे घेऊन चार पावलं पुढे गेलं की १/६० चं १/१५० च्या आसपास होतं. शिवाय १८ मिलिमीटरला ठोकताळ्याने १/३० सुद्धा पुरतं. हाच कॅमेरा, हीच लेन्स, तोच घाट, आणि १/८ वरून १/१५०.

तो बराच वेळ आकड्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "पण आयएसओ ३२०० ला फोटो फाटतो ना?"

फाटतो हे खरं, पण किती ते बघू या. मी त्याला माझा एक जुना प्रिंट हातात दिला, आयएसओ ६४०० वर काढलेला, ८ बाय १२ इंचाचा. डोळ्यांपासून हातभर लांब धरल्यावर दाणे शोधावे लागत होते. स्क्रीनवर शंभर टक्के झूम करून आपण जे दाणे मोजतो ते दुसरं कुणीच बघत नाही. दाणे सॉफ्टवेअरने बरेच कमी होतात. हललेली आजी कुठल्याही सॉफ्टवेअरने धड जागेवर येत नाही. दाणेदार पण शार्प आणि गुळगुळीत पण हललेला, यातला मी दर वेळी पहिला घेईन, आणि हे मी पूर्ण विचाराने सांगते आहे. आयएसओ कमी ठेवून अंधारा फोटो काढायचा आणि घरी येऊन उजळ करायचा, हा मार्ग मात्र धरू नका. सावल्यांमध्ये दाणे आणि रंगाचे डाग त्याने जास्तच उठून येतात.

मोड कोणता? घाटावर माणसं टिपायची असतील तर शटर प्रायॉरिटी, म्हणजे शटरचा वेळ आपण ठरवायचा. कॅननवर 'टीव्ही', निकॉन-सोनीवर 'एस'. शटर १/१२५ ठेवा, आयएसओ ऑटोवर ठेवून त्याची कमाल मर्यादा ६४०० करा आणि कॉम्पेन्सेशन उणे एक. मग कॅमेरा शटर खाली आणू शकत नाही, बाकीचं तो बघतो. रिकामं देऊळ, पाणी, दिवे असं स्थिर काही असेल तर १/३० वर उतरायला हरकत नाही.

उभं कसं राहायचं

हे लिहून सांगणं अवघड आहे, करून दाखवणं सोपं. तरी प्रयत्न करते.

डावा तळहात आकाशाकडे वळवा, जणू प्रसाद घ्यायचाय. त्या तळहातावर लेन्स ठेवा. वजन डाव्या हाताने पेलायचं, उजव्या हाताने फक्त धरायचं आणि बटण दाबायचं. बहुतेक जण कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजू दोन्ही हातांनी मोबाईलसारख्या धरतात, त्यात कोपरं पंखांसारखी बाहेर जातात. कोपरं आत घ्या, बरगड्यांना टेकवा. कॅमेरा कपाळाला टेकवून व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) बघा. दोन हात आणि कपाळ, तीन आधार झाले. स्क्रीनवर बघून हात लांब करून काढलात तर हे तिन्ही गेले. पायांत खांद्याइतकं अंतर, एक पाय किंचित पुढे.

बटण अर्धं दाबून थांबा. स्टॅबिलायझेशनला स्थिरावायला क्षणभर लागतो. श्वास अर्धा सोडा आणि बोट न उचलता बोटाचं पेर बटणावर हळूच गडगडू द्या. दाबल्यावर लगेच बोट काढू नका. एक फोटो न काढता तीन-चारचा बर्स्ट घ्या, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो. पहिल्यात दाबण्याचा धक्का असतो, शेवटच्यात सोडण्याचा, मधला बहुतेक वेळा सगळ्यात शार्प निघतो.

आधार मिळेल तिथे घ्या. खांबाला खांदा टेकवा, पायरीवर बसून गुडघ्यांवर कोपरं ठेवा, कठड्यावर घडी केलेला नॅपकिन ठेवून त्यावर लेन्स टेकवा. देवळात मात्र आधी विचारा, जिथे फोटोला मनाई आहे तिथे कॅमेरा पिशवीत.

पांडवलेण्यात आणखी एक गोष्ट घडते. फाळके स्मारकाच्या बाजूने पायऱ्या चढून वर गेलो की छाती धडधडत असते आणि त्याच दमात आपण अठरा नंबरच्या चैत्यगृहात शिरून फोटो काढायला लागतो. दारावरच्या कमानीच्या खिडकीतून आत येणारा प्रकाश स्तूपावर पडलेला असतो, बाकी अंधार. मोह होतोच. पण छातीचा ठोका थेट हातात उतरतो. मी बाहेर पाच मिनिटं बसते, पाणी पिते, मग आत जाते. तेवढ्यात डोळेही अंधाराला सरावतात आणि प्रकाश नेमका कुठे आहे ते दिसायला लागतं. एकदा घाईत काढलेले आणि एकदा बसून काढलेले असे दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसेल.

आणि थंडी. नाशिकचा डिसेंबर-जानेवारी घाटावर बोटं बधिर करतो. बधिर बोट बटण जोरातच दाबतं. पातळ हातमोजे घाला.

माणसं हलतात तेव्हा

आपण कितीही स्थिर उभे राहिलो तरी समोरच्याला ते सांगता येत नाही. उभ्याने हात जोडलेल्या माणसाला १/६० पुरतं. गप्पा मारणाऱ्याला, हळू चालणाऱ्याला १/१२५. आरतीच्या हाताला १/२५० लागावं, पण घाटावर तेवढा प्रकाश प्रत्येक वेळी मिळत नाही. तेव्हा हात कधी थांबतो ते बघायला शिका. आरती ओवाळताना हात वर जातो, टोकाला पोचतो, वळतो. त्या वळणावर तो जवळजवळ थांबलेला असतो. दोन-तीन फेऱ्या नुसत्या बघा, लय कळली की त्या टोकाला बटण दाबा. १/६० वरही हात शार्प मिळतो. ढोलाच्या पथकातही तेच, टिपरू वर गेलेलं असताना. खाली येतानाचं टिपरू पुसट दिसलं तर दिसू द्या, वाजवणाऱ्याचे डोळे शार्प असले की फोटो जिवंत वाटतो.

वेळेचंही सांगायचं राहिलं. पूर्ण काळोख पडायची वाट बघू नका. सूर्य मावळल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं आकाश गडद निळं असतं, पणत्याही लागलेल्या असतात आणि दोन्हींचा प्रकाश जुळतो. हिवाळ्यात त्यासाठी सहाच्या आधी घाटावर पोचायला हवं. तो मुलगा साडेसातला पोचला होता.

फोकस

अंधारात लेन्स पुढे-मागे फिरत राहते, घरघर करते आणि कुठेतरी थांबते. तिला उजेड-अंधाराची ठळक कडा लागते. सगळे फोकस पॉइंट चालू ठेवले की कॅमेरा स्वतःच्या सोयीची कडा शोधतो, म्हणून त्या फोटोत मागच्या माणसाची बटणं शार्प आली. एकच पॉइंट निवडा. जुन्या डीएसएलआरमध्ये मधला पॉइंट अंधारात सगळ्यात भरवशाचा. तो थेट ज्योतीवर ठेवू नका, ती पांढरी फटक असते आणि हलत असते. सपाट काळ्या दगडावरही ठेवू नका. पितळी निरांजनाची कड, साडीचा जरीचा काठ, चष्म्याची फ्रेम, अशा ठिकाणी ठेवा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतलं डोळा ओळखणारं फोकस चांगलं चालतं, पण चेहऱ्यावर थोडातरी उजेड हवा.

पुढे कधी ५० मिलिमीटर एफ १.८ घेतलीत तर एक लक्षात ठेवा. किट लेन्सच्या ५५ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, रात्रीच्या फोटोंसाठी खर्च करायचाच असेल तर तो मी तिच्यावर करायला सांगेन. पण छोट्या सेन्सरवर दोन मीटरवरच्या चेहऱ्यासाठी तिची शार्प पट्टी जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटरची. फोकस झाल्यावर तुम्ही पुढे झुकलात की डोळे पट्टीबाहेर. फोकस होताच लगेच बटण दाबा, आणि माणसं डोलत असतील तर एफ २.८ वर या.

उरलेली किरकोळ कारणं

धूप-कापराचा धूर आणि तुपाची वाफ लेन्सच्या काचेवर पातळ तवंग धरते. मग दिव्याभोवती धुरकट वलय येतं आणि फोटो मऊ दिसतो. मायक्रोफायबरचं कापड खिशात ठेवा. यूव्ही फिल्टर रात्री काढून ठेवा, त्याच्यामुळे ज्योतीचं हिरवट प्रतिबिंब फोटोत तरंगताना दिसतं. फोटोवर आडवे काळे-उजळ पट्टे आले तर तो एलईडीचा लपलपाट. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. सायलेंट शटर बंद करून १/५० किंवा १/१०० वर या.

मोबाईलवाल्यांसाठी: आधी लेन्स पुसा, झूम न करता मुख्य कॅमेऱ्यानेच काढा, नाइट मोडमध्ये बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद हात तसाच धरून ठेवा, कारण तो अनेक फोटो काढून एकावर एक बसवतो. माणसं हलत असतील तर नाइट मोड बंद.

महिन्याभराने दत्तजयंतीला तो एकमुखी दत्ताच्या देवळाकडे जाऊन आला. या वेळी नव्वदच फोटो, आणि फोल्डर त्याने घरूनच पाडून आणले होते. कॅमेरा हललेले अकरा. "ताई, हे अकरा शेवटी पाणी आणि पूल घेताना हलले. टेकायला काहीच नव्हतं." मग मी त्याला दोरीचा ट्रायपॉड दाखवला. कॅमेऱ्याच्या तळाच्या भोकात बसणारा पाव इंची बोल्ट, त्याला बांधलेली नाडी, नाडीचं दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून नाडी ताणून धरायची. वर-खालची थरथर बरीच कमी होते, खिशात मावतो, कुणाच्या पायात येत नाही. बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. फक्त त्यावर नट आणि वॉशर असा घट्ट बसवून घ्या की पाच मिलिमीटरपेक्षा जास्त बोल्ट आत जाणार नाही. लांब बोल्ट जोर लावून पिळलात तर कॅमेऱ्याचा तळ फुटतो.